मुलं स्वतःचे टॅब-फोन आणतात, पण निम्म्यांना वाय-फाय मिळतच नाही

प्रश्न (गणित_नववी)
वर्गात ४० मुलं. ज्यांच्याकडे आहे त्यांनी आपापला टॅब, लॅपटॉप किंवा फोन आणायचा, असं ठरलंय. तास सुरू झाला की पहिली पंधरा-वीस मुलं जोडली जातात, बाकीच्यांच्या स्क्रीनवर 'आयपी पत्ता मिळवत आहे' एवढंच दिसत राहतं. राउटर कॉरिडॉरमध्ये आहे, पासवर्ड फळ्यावर लिहिलेला असतो. सात-आठ मुलांकडे उपकरणच नाही. इंटरनेटचा वेग वाढवून घ्यावा का?

उत्तर १ (तारजोडणी)
मॅडम, वेगाला हात लावू नका, अडचण तिथे नाही. त्या संदेशावर फोन अडकतो तेव्हा बहुतेक वेळा राउटरकडे वाटायला आयपी पत्तेच (नेटवर्कवर प्रत्येक उपकरणाला मिळणारे क्रमांक) उरलेले नसतात. सेटिंगमध्ये डीएचसीपीचं (पत्ते आपोआप वाटण्याच्या सोयीचं) पान उघडा आणि दोन आकडे बघा: पत्त्यांची रेंज आणि लीजचा काळ, म्हणजे एक पत्ता एका फोनसाठी किती वेळ राखून ठेवला जातो तो. लीज २४ तासांची असेल तर सकाळच्या वर्गाने घेतलेले पत्ते फोन घरी गेले तरी दुसऱ्या दिवशीपर्यंत अडकून राहतात. लीज दोन तासांवर आणा, रेंज वाढवा.

एवढं करूनही रखडलं तर दोष वाय-फायच्या लहरींचा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. शेजारच्या वर्गांचे राउटर आणि मुलांनी चालू ठेवलेले हॉटस्पॉट मिळून ते भरून जातात. वर्गाच्या आत एक ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारी पेटी) लावा आणि मुलांना ५ गिगाहर्ट्झवर घ्या. ही लहर भिंतीतून नीट जात नाही. इथे तेच आपल्या पथ्यावर पडतं, शेजारच्या वर्गाची गर्दी आत येत नाही.

फळ्यावरचा पासवर्ड आजच बंद करा. मॅक पत्त्यांची (उपकरणाच्या वाय-फायच्या ओळख क्रमांकांची) यादी करून फोन ओळखायचा विचार असेल तर तोही सोडा; अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळाच, बनवलेला पत्ता दाखवतो. प्रत्येक मुलाला स्वतंत्र नाव-पासवर्ड देणं हाच टिकाऊ मार्ग. मुलांचं नेटवर्क कार्यालयाच्या नेटवर्कपासून वेगळं हवंच. तिथे निकाल आणि फीच्या नोंदी असतात.

उत्तर २ (पाठ_टाचण)
मी तासाच्या बाजूने सांगतो. ४० जणांनी एकाच वेळी ४८० पीचा व्हिडिओ लावला तर साधारण ४० एमबीपीएस लागतात, १०८० पीला त्याच्या चार-पाच पट. व्हिडिओ प्रोजेक्टरवर एकदाच दाखवा.

तिघांत एक उपकरण, असे गट केले की ज्यांच्याकडे काही नाही त्यांना वेगळं बसावं लागत नाही. माझ्या मते हे वाय-फायपेक्षा महत्त्वाचं. फक्त दर दहा मिनिटांनी उपकरण हातातून हातात फिरलंच पाहिजे, नाहीतर मालकच सगळं करतो.

तुमचा विषय गणित, म्हणून एक सूचना. जिओजेब्रा हे आलेख काढायचं ॲप आधीच घरून घ्यायला सांगा, ते इंटरनेटशिवाय चालतं. पण फोनवर y = ax² + bx + c चे तिन्ही स्लायडर उघडले की आलेखाला जागाच उरत नाही, शिवाय शिरोबिंदू बोटाखाली झाकला जातो. फोनच्या गटाला फक्त a बदलू द्या, b आणि c टॅबवाल्यांकडे द्या. सरावपत्र युनिकोडमध्ये टाइप करून पीडीएफ द्या. जुन्या डीटीपी फाँटमधली वर्ड फाइल फोनवर नुसती अगम्य चिन्हं दाखवते.

उत्तर ३ (चाचणी_खोली)
चार्जिंगचं कुणी बोललं नाही. एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडू देऊ नका. ढिल्या प्लगमध्ये सांधा तापतो आणि प्लॅस्टिक वितळतं. उपकरण घरून भरूनच यायचं, हा नियम ठेवा.

चाचणीसाठी उपकरण एकाच ॲपवर अडकवून ठेवायला अँड्रॉइडमध्ये 'ॲप पिनिंग', आयपॅडवर 'गाइडेड ॲक्सेस'. पिनिंग करताना बाहेर पडायला पिन मागण्याचा पर्याय चालू असतो का ते बघा. उपकरण मुलाचंच असल्याने पिन त्याला माहीत असतो, त्यामुळे गुणांची परीक्षा कागदावरच घ्या.

गणित_नववी
रेंज (पत्त्याचा शेवटचा आकडा) १०० ते १४९ निघाली, लीज २४ तास.

तारजोडणी
म्हणजे अख्ख्या शाळेला पन्नास पत्ते! १० ते २५४ करा आणि राउटर रीस्टार्ट करा. प्रिंटरला हाताने पत्ता दिला असेल तर तो २ ते ९ मध्ये हलवा. नाहीतर तोच पत्ता एखाद्या फोनला जाईल आणि छपाई मध्येच बंद पडेल.