राजचिन्हावरचा शांगिराक : वारसा जपला की इतिहास झाकला? (ऑनलाइन चर्चेचा धागा, टोपणनावांसह)

माळरान
कझाकस्तानचं राजचिन्ह नीट पाहा. मधोमध गोल कडं, त्यात एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्या, भोवती किरणांसारख्या पसरलेल्या काठ्या, दोन्ही बाजूंना पंखांचे घोडे. ते कडं म्हणजे शांगिराक. भटक्या कझाक कुटुंबाच्या बुरणुसाच्या, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाच्या, गोल तंबूचा लाकडी माथा. धूर तिथून बाहेर जातो, उजेड तिथूनच आत येतो. देश स्वतंत्र होऊन सहा महिने व्हायच्या आत, जून १९९२ मध्ये, हे चिन्ह ठरलं.

चिन्हमीमांसेची, म्हणजे चिन्हांना अर्थ कसा येतो याच्या अभ्यासाची, तोंडओळख करून घेताना फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थचं एक म्हणणं मनात घर करून बसलं. तयार चिन्ह उचलून त्यावर दुसरा अर्थ चढवला की पहिल्याचा इतिहास गळून पडतो आणि नवा अर्थ अनादि काळापासून तसाच असावा असं वाटू लागतं. शांगिराकचं हेच झालंय, असं माझं ठाम मत आहे. १९३० ते ३३ मध्ये सोव्हिएत सत्तेनं या पशुपालकांना जबरदस्तीनं एका जागी बसवलं आणि सामूहिक शेतीच्या नावाखाली त्यांची जनावरं काढून घेतली. त्यांचं खाणं, वाहन, तंबूची लोकर, सगळं जनावरांवरच होतं. उपासमारीनं सुमारे १५ लाख माणसं मेली. कझाक समाजाचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग त्यात गेला. लाखो जण घरदार सोडून परागंदा झाले, कित्येक चीनमध्ये गेले. भटकेपण त्यांनी आपणहून सोडलं नाही, ते मोडून काढलं गेलं. आणि राजचिन्हावर तेच घर निळ्यावर सोनेरी झळकतंय, मध्ये काही घडलंच नाही अशा थाटात. राजधानी अस्तानामधला खान शातिर घ्या. २०१० साली उभा राहिलेला, नॉर्मन फॉस्टर यांच्या संस्थेनं रचलेला अवाढव्य तंबू. आत दुकानं आणि कृत्रिम समुद्रकिनारा. आकार राहिला, जगणं गेलं.

उंबरठा
असहमत, आणि जोरदार असहमत. तुम्ही चिन्ह फक्त सरकारच्या हातात बघताय. ते घरात कसं वापरलं जातं तेही बघा.

तंबू उभारताना आधी दार आणि जाळीच्या भिंती, म्हणजे केरेगे, गोलाकार बांधतात. मग एक जण आत उभा राहून बाकान नावाच्या लांब, दुबेळक्याच्या काठीनं शांगिराक डोक्याच्या वर तोलून धरतो आणि बाकीचे भराभर वाकदार काठ्या, म्हणजे उइक, त्याच्या भोकांत बसवत जातात. पुरेशा काठ्या बसेपर्यंत त्याला हलता येत नाही. सगळ्यांचे हात लागल्याशिवाय छप्पर उभं राहत नाही, हे तिथलं मूल डोळ्यांनी बघत मोठं होतं. बुरणूस झिजला की बदलतात, काठ्या बदलतात, शांगिराक मात्र पुढच्या पिढीकडे जातो. धाकटा मुलगा आईवडिलांजवळ राहतो, घर त्याच्याकडे येतं आणि त्या घराला ‘काळा शांगिराक’ म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्यांच्या धुरानं काळवंडलेला. आपल्याकडे थोरल्या घराला असतो तसा त्याला मान. नव्या जोडप्याला ‘शांगिराक उंच राहो’ असा आशीर्वाद देतात, तो चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येही देतात. हे कुठल्या सरकारनं शिकवलं नाही. उपासमारीतून वाचलेल्या माणसांनी तोंडातोंडी जपलं.

माळरान
उंबरठा, तुमच्याच उदाहरणानं माझं म्हणणं पक्कं होतंय. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्सनं चिन्हांचे जे प्रकार केले त्यात निर्देशक हा एक. आग होती म्हणून धूर, तशी ही काजळी. इथे खरोखर चूल पेटली, माणसं जेवली, याचा तो पुरावा. राजचिन्हावरचं कडं संकेतानं ठरलेलं प्रतीक आहे, त्याला काजळी कधी लागलीच नाही. घरात जे पुरावा होतं ते सरकारनं दागिना केलं.

दुपारचं_ऊन
माळरान, एक गोष्ट तुमच्या मांडणीत बसत नाही. अल्माटीच्या कडेला शांगिराक नावाची वस्ती आहे. गावाकडून पोटासाठी शहरात आलेल्या कझाक कुटुंबांनी उभी केलेली. जुलै २००६ मध्ये घरं पाडायला पोलीस आले, लोक आडवे आले, चकमक झाली आणि एका पोलिसाचा जीव गेला. राजचिन्हावर जे घर आहे, त्याच नावाच्या वस्तीतली माणसं राज्यापुढे आपली घरं राखत होती. चिन्ह पोकळ झालं असतं तर ते नाव इतकं टोचलं नसतं. शिवाय सरकारनं इतिहास पुसलाच असंही नाही. उपासमारीच्या बळींचं स्मारक २०१२ मध्ये अस्तानात उभं राहिलं, दरवर्षी ३१ मे हा स्मरणदिन असतो. दोष कुणाचा हे बोलताना सरकार फार जपून बोलतं, हे मात्र खरं.

सुईदोरा
तुम्ही तिघंही लाकडाबद्दलच बोलताय! तंबू ऊब धरतो तो बुरणुसामुळे, आणि तो बायका करतात. लोकर झोडपायची, चटईवर थर लावायचे, कढत पाणी शिंपडायचं, गुंडाळी करून तासन्‌तास लाटत राहायचं. कोपर ते मनगट सगळा हात त्यात पिळून निघतो. राजचिन्हात लाकूड घेतलं, लोकर वगळली. राष्ट्रध्वजावर काठीच्या बाजूला मेंढ्याच्या शिंगांची सोनेरी नक्षी आहे, ती या बायका बुरणुसाच्या सतरंज्यांवर शिवत आल्या आहेत. पण ते कोण सांगतं?

माळरान
सुईदोरा, हा मुद्दा धाग्याच्या सुरुवातीलाच यायला हवा होता, इतका मोलाचा आहे. दुपारचं_ऊन, वस्तीचं उदाहरण माझ्या बाजूचं वाटतं मला. त्या लोकांनी चिन्ह सरकारकडून परत घेतलं, म्हणजे आधी ते सरकारकडे गेलेलं होतं.

उंबरठा
परत घेतलं नाही हो. त्यांच्याकडून ते कधी गेलंच नव्हतं.