मदत हवी आहे : प्रीमियर पद्मिनीचा गळका ब्रेक पाइप घरी बदलण्याबाबत

नमस्कार.

माझ्याकडे १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी ही गाडी रत्नागिरीत वर्षानुवर्षे वापरली आणि आजही ती चालती राहावी अशी घरातल्या सर्वांची मनापासून इच्छा आहे. तिच्या मागच्या चाकांकडे जाणारा ब्रेकचा धातूचा पाइप गळू लागला असून तो घरच्या घरी, परंतु कोणतीही तडजोड न करता, बदलण्याचा माझा विचार आहे. हे काम ज्यांनी स्वतः केले आहे किंवा जवळून पाहिले आहे त्यांचे मार्गदर्शन मिळाले तर फार उपयोग होईल.

प्रथम गाडीची स्थिती सांगतो. मास्टर सिलिंडरवरच्या (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणाऱ्या भागावरच्या) टाकीतील ब्रेक ऑइलची पातळी हळूहळू उतरत होती आणि पेडल पूर्वीपेक्षा खोल जाऊ लागले होते. चारही ड्रम उतरवून व्हील सिलिंडरचे (चाकातला ब्रेक दाबणाऱ्या भागाचे) रबरी बूट उचलून पाहिले; आत सर्व कोरडे आहे. मास्टर सिलिंडरच्या मागच्या बाजूलाही ओल नाही. गाडी स्टँडवर घेऊन खालून पाहिल्यावर मागच्या अ‍ॅक्सलच्या थोडे पुढे, जेथे पाइप पत्र्याच्या क्लिपने तळाला धरलेला आहे, तेथे ओला डाग दिसला. क्लिप सोडवली तेव्हा तिच्याखाली पाइपवर गंजाचे खोल खड्डे पडलेले आढळले, आणि भावाने पेडल दाबताच त्यांपैकी एका खड्ड्यातून थेंब बाहेर आला. आमच्याकडची खारी हवा आणि पावसाळ्यात तळाशी बसणारा चिखल लक्षात घेता कारण उघड आहे: क्लिप आणि पाइप यांच्यामधल्या फटीत चिखल अडकतो, तो महिनोन्‌महिने ओला राहतो आणि पाइप बाहेरून आत कुजत जातो. इतर क्लिपांखालीही पापुद्रे सुटलेले दिसतात, त्यामुळे केवळ गळका तुकडा बदलून भागेल असे मला वाटत नाही.

माझ्या गाडीत ब्रेकचे एकच सर्किट आहे. हल्लीच्या गाड्यांत दोन स्वतंत्र सर्किटे असल्यामुळे एक फुटले तरी उरलेल्या चाकांना ब्रेक लागतो. येथे मात्र मागचा पाइप फुटला तर पुढच्या चाकांचाही ब्रेक त्याच क्षणी जातो आणि हाताशी फक्त हँडब्रेक उरतो. म्हणून गळती सापडल्यापासून गाडी जागची हलवलेली नाही, आणि काम पूर्ण होईपर्यंत हलवणारही नाही.

गावातल्या एका गॅरेजमध्ये चौकशी केली असता कुजलेला भाग कापून मध्ये कॉम्प्रेशनचा, म्हणजे नट आवळून पाइपला पकडणारा, जोड बसवण्याचा किंवा पितळेने डाग देण्याचा सल्ला मिळाला. दोन्ही मार्ग मला पटलेले नाहीत. टायरमधला दाब दोन बारच्या आसपास असतो, तर जोरात ब्रेक मारल्यावर या पाइपमधला दाब त्याच्या कितीतरी पट वाढतो. असा दाब कॉम्प्रेशन जोडावर सोपवावा असे मला वाटत नाही.

माझ्याकडे भक्कम स्टँड, चांगले पाने, सपाट फरशीची जागा आणि पुरेसा वेळ आहे. पाइपच्या टोकांना फ्लेअर करण्याचे, म्हणजे ती जोडात घट्ट बसावीत म्हणून पसरवण्याचे, साधन मात्र नाही. शेजारी फ्रिज आणि एसीची दुरुस्ती करणारे एक सद्गृहस्थ आहेत. त्यांनी त्याच जाडीचा तांब्याचा पाइप देण्याची आणि आपल्या साधनाने टोके करून देण्याची तयारी दाखवली आहे. तो पाइप ब्रेकसाठी चालेल का, हा माझा पहिला प्रश्न आहे. चालणार नसेल तर कोणता पाइप घ्यावा आणि तो कोठे मिळेल? टोकाचा आकार आणि नटाचे आटे कसे ओळखावेत? आणि गंजून बसलेले नट व्हील सिलिंडरचे किंवा रबरी होजचे (लवचीक नळीचे) नुकसान न करता कसे सोडवावेत? शेवटचा प्रश्न मला सर्वांत जास्त सतावतो आहे, कारण नव्या होज आणि सिलिंडर शोधत बसावे लागले तर काम कितीतरी लांबेल.

प्रतिसाद १

आपण गाडी उभी ठेवली हे उत्तम केले, आणि जोड न लावण्याचा निर्णयही योग्य आहे. मी पुण्यात अनेक वर्षे गॅरेजमध्ये काम केले असून फियाट आणि पद्मिनी यांचे ब्रेक पुष्कळ वेळा उघडले आहेत.

नटांपासून सुरुवात करतो. काम करण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक नटाभोवतीची माती तारेच्या ब्रशने पूर्ण काढावी, गंज सोडवणारे तेल मारावे आणि ते रात्रभर मुरू द्यावे. साधा उघडा पाना या नटांवर वापरू नये; तो दोनच कडा धरतो आणि मऊ नट क्षणात गोल होतो. फ्लेअर नट पाना मिळतो, तो नटाला जवळजवळ सर्व बाजूंनी धरतो आणि पाइप जाण्यापुरती फट ठेवतो. तरीही नट हलला नाही तर, पाइप टाकूनच द्यायचा असल्यामुळे, तो नटाजवळ कापावा आणि सहा कडांचा सॉकेट नटावर चढवावा. जेथे पाइप रबरी होजला मिळतो तेथे होजचे षट्‌कोनी टोक दुसऱ्या पान्याने घट्ट धरून मगच नट फिरवावा, अन्यथा होज आतून पिळला जातो आणि ते बाहेरून दिसत नाही. खरे सांगायचे तर, इतके काम उघडले आहे तर होजही नवेच घ्यावेत. जुने रबर आतून फुगून ऑइलची वाट अडवते आणि मग ब्रेक सुटता सुटत नाही. नव्या पाइपशी जुना होज जोडून ही शंका शिल्लक ठेवण्यात अर्थ नाही.

काढलेला पाइप फेकू नये. तो शक्य तितका अखंड उतरवावा, कारण नव्या पाइपची वळणे घेण्यासाठी त्याच्याइतका चांगला नमुना दुसरा नाही. लांबी मोजताना दोरी वळणांवरून फिरवून मोजावी आणि फ्लेअरसाठी थोडी लांबी जास्त धरावी. नटाच्या आट्यांबाबत ऐकीव माहितीवर कृपया विसंबू नये. कुणी "फियाटला हाच नट बसतो" असे सांगितले तरी जुना नट दुकानात न्यावा, आट्यांच्या गेजने तपासावा आणि नवा नट व्हील सिलिंडरमध्ये बोटांनी चार-पाच आटे सहज फिरतो का ते पाहावे. बोटांनी फिरत नसेल तर तो नट चुकीचा आहे. पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजूला जुन्या गाड्यांच्या भागांची दुकाने आहेत. तेथे नमुना दाखवला की काम सोपे होते.

प्रतिसाद २

पाइपच्या धातूबद्दल थोडे विस्ताराने लिहिते. मी अमेरिकेत मिशिगनमध्ये राहते. येथे हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे गंजलेले ब्रेक पाइप हा येथील गाडीमालकांचा नेहमीचा प्रश्न आहे. कारण वेगळे असले तरी परिणाम कोकणातल्या खाऱ्या हवेसारखाच असतो.

फ्रिजचा तांब्याचा पाइप कृपया वापरू नका. शुद्ध तांबे मऊ असल्यामुळे हाताळायला सोपे वाटते, परंतु गाडीच्या सततच्या कंपनाने ते हळूहळू कडक होत जाते आणि कालांतराने तडकू शकते. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे: फ्रिजच्या कामासाठी वापरले जाणारे साधन टोकाला एकेरी फ्लेअर करते. त्यात पाइपच्या भिंतीचा एकच पातळ थर उघडला जातो. ब्रेकला एकतर दुहेरी फ्लेअर लागतो, ज्यात टोक आधी आत वळवून मग ४५ अंशांत पसरवतात आणि बसण्याच्या जागी धातूचे दोन थर येतात, किंवा बबल फ्लेअर लागतो, ज्याचे टोक अळंबीच्या छत्रीसारखे गोल दिसते. हे दोन्ही एकमेकांच्या जागी बसत नाहीत. जुन्या पाइपचे टोक कापून स्वच्छ करा आणि ज्यात ते बसते त्या भोकाचा तळही टॉर्चने पाहा. कोणता आकार हवा ते तेथेच कळेल.

धातूची निवड करताना मी क्युप्रोनिकेल, म्हणजे तांब्यात साधारण दहा टक्के निकेल असलेला मिश्रधातू, सुचवेन. व्होल्वोने १९७० च्या दशकात तो आपल्या गाड्यांच्या ब्रेक पाइपांसाठी स्वीकारला. तो पोलादासारखा गंजत नाही, शुद्ध तांब्यापेक्षा कितीतरी मजबूत असतो आणि हाताने वळवता येतो. जुन्या गाड्यांचा ब्रेक पाइप बहुधा ३/१६ इंच, म्हणजे सुमारे ४.७५ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा असतो, पण आपला पाइप कॅलिपरने मोजूनच घ्या.

फ्लेअर करताना पाइप करवतीने न कापता चाकाच्या कटरने कापा, टोक काटकोनात घासा, आतली आणि बाहेरची धार काढा आणि कीस फुंकून बाहेर काढा. नट दोन्ही बाजूंनी आधी चढवा, तेही योग्य तोंडाने. फ्लेअर झाल्यावर नट चढवता येत नाही. निदान काही नमुना टोके टाकाऊ तुकड्यांवर करून पाहा आणि भिंगाखाली तपासा. कड तिरकी असेल किंवा बारीकशी चीर दिसली तर ते टोक कापून पुन्हा करा.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसादांशी बहुतांशी सहमत आहे, मात्र एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. पहिल्यांदाच फ्लेअर करणाऱ्याने घरी स्वस्तातल्या साधनाने ते करू नये. मोजून ठरवलेल्या लांबीचा पाइप घ्यावा, त्याची दोन्ही टोके ब्रेकचेच काम करणाऱ्या दुकानातून नटांसह करून घ्यावीत आणि घरी फक्त वळणे देऊन तो बसवावा. या संपूर्ण कामात चूक झाली तर ती टोकाशीच होते, आणि उरलेले काम कोणत्याही काळजीपूर्वक माणसाला जमण्यासारखे आहे. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमच्या हद्दपार झाल्या असल्या तरी त्या गाड्यांवर आयुष्य घालवलेले कारागीर अजून आहेत. त्यांच्यापैकी कुणी भेटले तर टोके त्यांच्याकडूनच करून घ्यावीत.

वळणे देताना गुडघ्यावर पाइप दाबू नये, तो चेपतो. योग्य जाडीच्या गोल वस्तूभोवती हळूहळू वळवावा. क्लिपा नव्या घ्याव्यात आणि प्रत्येकीच्या आत रबराची पट्टी द्यावी, म्हणजे पाइप पत्र्याला घासणार नाही. अ‍ॅक्सलच्या हालचालीत आणि सायलेन्सरच्या जवळून पाइप कोठेही टेकत नाही ना, हे दोनदा पाहावे.

धागाकर्त्याचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. तांब्याचा पाइप आणि घरी फ्लेअर करणे हे दोन्ही विचार मी सोडून दिले आहेत. क्युप्रोनिकेलचा पाइप मागवून टोके जाणत्या कारागिराकडून करून घेईन, आणि मास्टर सिलिंडरपासून मागच्या चाकांपर्यंतचा सर्व पाइप व तिन्ही होज एकदमच बदलेन. आता ब्रेकच्या पाइपांत शिरलेली हवा काढण्याचा क्रम आणि तपासणी याबद्दल कृपया सांगावे. ब्रेक ऑइल कोणते भरावे, हेही विचारायचे आहे.

प्रतिसाद १

ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४ या प्रतीचे (डब्यावर तसे लिहिलेले असते) घ्यावे, आणि ते सीलबंद डब्यातूनच घ्यावे. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. कोरडे असताना डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. कोकणात अर्धा उरलेला जुना डबा वापरणे म्हणजे पाणी भरण्यासारखेच आहे. सिलिकॉनचे डॉट ५ यात मिसळू नये. इंजिन ऑइल, पेट्रोल किंवा रॉकेल यांचा थेंबही ब्रेकमध्ये जाऊ देऊ नये, कारण त्याने सगळी रबरे फुगतात. ब्रेक ऑइल रंगावर सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे, नाहीतर रंग सुटतो.

हवा काढण्यापूर्वी ब्रेक शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे भाग) ड्रमजवळ नीट अ‍ॅडजस्ट करावेत, अन्यथा हवा निघूनही पेडल खोलच लागते. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्यामुळे ड्रममधली धूळ हवेने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी. त्यानंतर मास्टर सिलिंडरपासून पाइपाच्या अंतराने सर्वांत लांब असलेल्या चाकापासून सुरुवात करावी, म्हणजे बहुधा मागचे डावे, मग मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे. चाकाजवळच्या निपलला (हवा सोडण्याच्या छोट्या तोटीला) पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवावे. पेडल खाली असतानाच निपल बंद करावे आणि मगच पाय सोडायला सांगावे. टाकी एकदाही रिकामी होऊ देऊ नये. ती रिकामी झाली की हवा पुन्हा आत जाते आणि सर्व काम पहिल्यापासून करावे लागते.

शेवटी पेडल पूर्ण जोराने दाबून एक-दोन मिनिटे धरून ठेवावे आणि त्याच वेळी दुसऱ्याने खाली प्रत्येक जोडावर कोरडा पांढरा कागद फिरवावा. पेडल सावकाश खाली सरकत असेल पण कोठेच ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरचे आतले रबर गेलेले आहे असे समजावे. सर्व कोरडे राहिले तर प्रथम फरशीवरच पायी चालण्याच्या वेगाने ब्रेक तपासावा, मग मोकळ्या रस्त्यावर, आणि परत आल्यावर कागद पुन्हा एकदा फिरवावा.

धागाकर्त्याचे उत्तर

काम पूर्ण झाले आहे. मागच्या उजव्या सिलिंडरचा नट शेवटपर्यंत अडून बसला होता. पाइप कापून सहा कडांचा सॉकेट लावल्यावर तो सुटला आणि सिलिंडरचे आटे शाबूत राहिले. पेडल आता वरच्या टप्प्यातच कडक लागते आणि सर्व जोडांवरचा कागद कोरडा आहे. सुट्या केलेल्या पाइपची सगळी क्लिपस्थाने कापून पाहिली, तेव्हा न गळलेल्या आणखी दोन ठिकाणी पाइपची भिंत अर्ध्याहून कमी उरलेली आढळली. म्हणून ज्यांच्या जुन्या गाड्या समुद्राकाठी आहेत त्यांनी या पावसाळ्यानंतर किमान एक क्लिप सोडवून तिच्याखाली पाहावे, अशी विनंती करतो.