लिहिलेलं आधी कुणाला वाचून दाखवता? (अनुभव धागा)

गच्चीवरची:
दिवाळीची साफसफाई म्हणून माळ्यावरचं खोकं खाली काढलं आणि आवरणं तिथेच थांबलं. आत 2009 सालची माझ्या एका कथेची प्रिंट निघाली. पहिली दोन पानं हिरव्या पेनाने तिरकी खोडलेली, आणि तिसऱ्या पानाच्या समासात लिहिलंय, 'गोष्ट इथे सुरू होते.'
नाशिकला आम्ही सहाजण महिन्यातून एका रविवारी काकूंच्या गच्चीवर जमायचो. काकू म्हणजे निवृत्त शिक्षिका. नियम एकच: ज्याची कथा त्याने बाकीच्यांचं बोलून होईपर्यंत गप्प बसायचं. 'मला असं म्हणायचं होतं की' सुरू केलं की काकू चिवड्याची बशी पुढे सरकवायच्या. तोंड भरलं की आपोआप गप्प.
ती कथा आजोळच्या वाड्यावर होती. पारिजातकाचा सडा, बंबाचा धूर, पहाटेची घंटा, दोन पानं नुसतं हेच. मला तेच सगळ्यात भारी वाटत होतं. काकू म्हणाल्या, "सडा मी शंभर कथांत वाचलाय गं. आजी मामाला दार उघडत नाही, हे फक्त तुझ्याकडे आहे."
स्कूटीवर रडत घरी गेले. आठ दिवसांनी काकूच दारात हजर! कथेबद्दल चकार शब्द नाही. मेथीची जुडी निवडून दिली, आणि चप्पल घालताना म्हणाल्या, "पुढच्या रविवारी दाराशी काय होतं ते बघू."
तुमचं असं कोण होतं? लिहा. मी खोकं परत माळ्यावर टाकून येते.

सोलापुरी चादर:
आमच्याकडे 'छान' म्हणायला बंदी होती. म्हटलं की दहा रुपये दंड. 'मस्त', 'अप्रतिम' यांनाही तोच दर. जमलेल्या पैशांचे वडापाव. पहिल्या महिन्यात सगळे जाडे झालो.

रिकामटेकडी:
काकूंच्या चिवड्याची कृती?? माझे पातळ पोहे दरवेळी आक्रसतात.

लघुगुरू:
गझल शिकत होतो तेव्हाची गोष्ट. भुजंगप्रयात वृत्तात (लगागा चार वेळा; ल म्हणजे लघू, गा म्हणजे गुरू) मतला, म्हणजे गझलेचा पहिला शेर, लिहिला आणि गटावर टाकला. पहिली ओळ: 'तुझ्या आठवणींचा जुना गाव आहे'. पाच मिनिटांत सरांचा निरोप, "एक लघू जास्त आहे. बोटांवर मोज." मोजलं. लगागा लगागा करत बसच्या सीटवर ताल धरला, शेजारचे आजोबा सरकून बसले. शेवटी 'आठवांचा' केलं, ओळ चपखल बसली. मी खूश. तर गटातली एक मुलगी म्हणाली, "वृत्त बसलं, पण बोलताना 'आठव' कोण म्हणतं? तू म्हणतोस?" नाही म्हणत. सर आणि ती दोघंही बरोबर होते, हा त्रास वेगळाच. दोन वर्षं झाली, तो मतला अजून वहीत पडून आहे.

सोलापुरी चादर:
@लघुगुरू दोन वर्षं एका ओळीवर? दिर्घ मुदतीचं कर्ज काढलंय जणू 😄

निवृत्त पेन्शनर:
सोलापुरी, 'दीर्घ'मधली वेलांटीच ऱ्हस्व केलीत तुम्ही. राग मानू नका, सवय आहे.
बाकी हे जमून वाचणं आपल्याकडे जुनंच. पुण्यात 1923 साली रविकिरण मंडळ स्थापन झालं, माधव जूलियन, यशवंत, गिरीश ही मंडळी त्यातली. चहा घेता घेता कविता वाचायच्या आणि एकमेकांच्या ऐकायच्या. आमच्या कॉलनीतल्या मंडळात चहा आहे, कविताही आहेत, ऐकायला मात्र कुणी थांबत नाही. आपली वाचून झाली की प्रत्येकाला घरी काम निघतं.

सोलापुरी चादर:
काका, दहा रुपये कुठे पाठवू?

पान क्रमांक सात:
माझा अनुभव गोड नाही. एका गटात एक ज्येष्ठ लेखक होते. माझी कथा ऐकून म्हणाले, "हे सगळं स्वयंपाकघरातलं आहे, यात वाङ्मय कुठंय?" सगळे हसले, मीही हसले. नंतर अकरा वर्षं काही लिहिलं नाही. आता कळतं की ती कथेवरची प्रतिक्रिया नव्हतीच. कुठलं वाक्य, कुठला प्रसंग, काही सांगितलं नव्हतं त्यांनी. कुकर लावलाय, पुढचं नंतर लिहिते.

गच्चीवरची:
@पान क्रमांक सात, अगं अकरा वर्षं!! कथा आहे का अजून तुझ्याकडे? असेल तर मला पाठव. हिरवं पेन आहे, चिवडाही आहे.

वऱ्हाडातली:
मी वेगळंच सांगते. पुण्यातल्या गटात माझ्या वऱ्हाडी संवादांचं भलतंच कौतुक झालं. "काय मातीचा वास आहे!" वगैरे. फुगून घरी अकोल्याला गेले आणि मायला वाचून दाखवलं. माय भाकरी थापता थापता म्हणे, "हे कोन बोलते? आपल्या घरी तं असं कोनी बोलत नाही." बघितलं तर खरंच, मी टीव्हीवरची वऱ्हाडी लिहिली होती, दर वाक्यात एक 'बाप्पा' आणि एक 'बे'. पुण्याच्या लोकांना ते कळणार तरी कसं? तेव्हापासून संवाद आधी मायला. ती पैसे घेत नाही, पण मधेच उठून गाय बांधायला जाते. ती उठली ती जागा मी पेन्सिलीने खूण करून ठेवते.

लघुगुरू:
गाय हे समीक्षेचं एकक म्हणून मान्य व्हायला हवं.

मेनकाठची:
फ्रँकफर्टहून. आम्ही चौघी दर पंधरवड्याला फोनवर. सुरुवातीला चौघींच्याही कथा एकच: परदेश, बर्फ, आईचा फोन, वरणभात, डोळ्यांत पाणी. एक दिवस एकीने विचारलं, "तुझ्या खिडकीतून आत्ता काय दिसतंय ते लिही ना." खाली शेजारचे म्हातारे काचेच्या रिकाम्या बाटल्या रंगांप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत टाकत होते. चार वर्षं रोज बघत होते, कधी लिहिलंच नव्हतं. तिथून पहिली बरी कथा झाली. (मुलगी उठली, जाते.)

रिकामटेकडी:
चिवड्याचं कुणीच सांगत नाहीये 😒

निवृत्त पेन्शनर:
पोहे आधी उन्हात द्या. मग मंद आचेवर थोडे थोडे भाजा. मीठ आणि पिठीसाखर शेवटी.

पान क्रमांक सात:
आले. कथा आहे, वहीत, हाताने लिहिलेली. फोटो काढून पाठवते, अक्षर सांभाळून घ्या. 'छान' म्हणू नका, पण स्वयंपाकघर काढायला सांगू नका.

गच्चीवरची:
पाठव. स्वयंपाकघराला हात लावणार नाही, वचन.
आणि हो, हे सगळं वाचून आज काकूंना फोन केला. आता ब्याऐंशीच्या आहेत, ऐकू कमी येतं. ती जुनी कथा मोठ्याने वाचून दाखवली, सुधारलेली. शेवट झाल्यावर बराच वेळ पलीकडे शांतता. मला वाटलं झोपल्या. मग म्हणाल्या, "ते मधलं पत्र अजून आहेच का गं?"

सोलापुरी चादर:
😂😂 काढा ते पत्र.

रिकामटेकडी:
धागा वाचत बसले आणि पोहे करपले.