अन्याओकू आणि नायजेरियाचे निलंबन

राष्ट्रकुलाचे (मुख्यतः पूर्वीच्या ब्रिटिश वसाहतींच्या संघटनेचे) नायजेरियन महासचिव एमेका अन्याओकूंनी स्वतःच्याच देशाला राष्ट्रकुलातून काढले, असे सांगितले जाते. ते बरोबर नाही. महासचिवाला मत नसते. निर्णय सदस्य देशांच्या सरकारप्रमुखांचा असतो.

१० नोव्हेंबर १९९५ला नायजेरियातील सानी अबाचांच्या लष्करी राजवटीने लेखक व पर्यावरण कार्यकर्ते केन सारो-विवा आणि त्यांच्या ८ साथीदारांना फाशी दिली. राष्ट्रकुलाची ऑकलंडमधील (न्यूझीलंड) शिखर परिषद तेव्हा सुरूच होती, म्हणून निलंबन लगेच झाले. त्याच परिषदेत मिलब्रुक कृती कार्यक्रम मंजूर झाला. राष्ट्रकुलाच्या १९९१च्या हरारे जाहीरनाम्यात लोकशाहीची तत्त्वे होती, पण ती मोडल्यास काय करायचे हे नव्हते. मिलब्रुकने क्रम ठरवला: जाहीर निषेध, महासचिवांची मध्यस्थी, लोकशाहीकडे परतायला जास्तीत जास्त २ वर्षे, मग निलंबनापर्यंतची पावले. देखरेख ८ परराष्ट्रमंत्र्यांच्या गटाकडे. माझ्या मते अन्याओकूंच्या कारकिर्दीतले हेच सर्वांत टिकाऊ काम.

लष्कराचा फटका त्यांना आधीही बसला होता. १९८३मध्ये ते नायजेरियाचे निवडून आलेले अध्यक्ष शगारी यांच्या सरकारात परराष्ट्रमंत्री झाले आणि ३१ डिसेंबरच्या लष्करी बंडात ते सरकारच गेले. अन्याओकू पुन्हा राष्ट्रकुलाच्या उपमहासचिवपदी परतले. १९८९मध्ये क्वालालंपूरला ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान माल्कम फ्रेझर यांना हरवून ते महासचिव म्हणून निवडले गेले. नायजेरियाचे निलंबन उठले २९ मे १९९९ला, तेव्हाही ते पदावर होते.