‘बैल गेला आणि झोपा केला’ यातला झोपा म्हणजे काय?

प्रश्न (चिपळूण)
मुलगा पाचवीत आहे. त्याने वहीत या म्हणीचा अर्थ ‘बैल हरवला तरी मालक झोपून राहिला’ असा लिहिलाय आणि वर बरोबरची खूणही आहे. माझी आजी खेडची. वेळ निघून गेल्यावर धावपळ करणाऱ्याला ती ही म्हण ऐकवायची. मग यात झोप आली कुठून?

उत्तर (देवरुख)
झोपेचा काही संबंध नाही. झोपा म्हणजे गोठ्याचं ताटीचं दार. बैल गेल्यावर दार बसवलं, एवढंच. आजी बरोबर होती.

उत्तर (गुहागर तालुका)
ताई, मी ही म्हण डोळ्यांनी पाहिली आहे. आमच्याकडे गोठ्याला वाडा म्हणतात. एका आषाढात वाड्याच्या तोंडाला नुसते दोन आडवे वासे होते. रात्री वाघ (बिबट्याला आम्ही वाघच म्हणतो) खालून शिरला आणि पाडा (नर वासरू) घेऊन गेला. सकाळी दाव्याचा तुटका तुकडा तेवढा खुंट्याला राहिला होता. वडिलांनी त्याच दिवशी चिव्याच्या (बांबूच्या) काठ्या तोडून आणल्या, उभ्या-आडव्या लावून केवणीच्या (रानातल्या झुडपाच्या) सालीने आवळल्या, आतून नारळाचं झाप बांधलं. आजी पडवीतून बघत होती. तिला म्हण पाठ होती, पण ती एक शब्द बोलली नाही.

आणि ‘बैलोबा’ म्हणजे मठ्ठ, हे मला कधीच पटलं नाही. चिखलणीत फाळ कातळाला लागला की आमचा उजवीकडचा बैल आपसूक थांबायचा. तो रेटत राहिला असता तर फाळ मोडला असता. ‘घाण्याचा बैल’ मात्र खराच: डोळ्यांना झापड, दिवसभर चाल आणि संध्याकाळी जागा तीच. ‘नंदीबैल’ मान हलवतो तो शिकवल्यामुळे, त्यात त्याचा काय दोष? गावात आता पॉवर टिलर आलेत, वाड्याला लोखंडी फाटक. झोपा बघायलाच मिळत नाही, मग पोरांना झोप आठवणारच.

प्रश्नकर्ती
काका, मुलाला सगळं वाचून दाखवलं. तो विचारतोय, पुन्हा पाडा आणलात का?

उत्तर (गुहागर तालुका)
नाही रे बाळा. पुढच्या वर्षी गाईला पाडी झाली. तिच्यासाठी रोज संध्याकाळी झोपा मीच लावायचो.