ट्राउट आणि खाडी, दोन्हीला एकच लँडिंग नेट (गळाला लागलेला मासा उचलायची जाळी) चालेल का?

गळकरी_कळवा:
ऑक्टोबरात हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ट्राउटसाठी जातोय. रॉड 9 फुटी, 5 वेट (वेट म्हणजे लाइनच्या वजनाचा क्रमांक). एरवी खाडीवर 8 वेटने जिताडा नि तांब या माशांचा नाद. दोन्हीकडे चालेल असं एकच नेट सुचवा. लाकडी चौकटीचं एक आवडलंय, पण जाळी नायलॉनची, गाठींची आहे.

उल्हासकाठ:
चौकटीकडे नंतर बघा, आधी जाळी. गाठींची नायलॉन जाळी ट्राउटला नकोच. गाठी माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतात, शेपटीचे पर फाटतात, आणि फ्लाय (गळावर बांधलेली नकली माशी) अशी गुंतते की सोडवेपर्यंत मासा दमतो. सोडून द्यायचा मासा असेल तर तिथेच खेळ संपला.

उरली अख्ख्या रबराची आणि रबर चढवलेली. पहिलीत गळ जवळपास अडकतच नाही, पण ती जड असते. दुसरी हलकी, मात्र चढवलेला थर वर्षा-दोन वर्षांत सोलवटू लागला की आतला धागा गळ धरतो. तीर्थनला चालत फिरायचंय, म्हणून माझं मत दुसरीला. चौकट आतून 40-45 सेंमी लांब, मूठ 20-25 सेंमी. झोळी फार उथळ घेऊ नका, मासा उसळी मारून बाहेर पडतो.

नेट पाठीवर, जॅकेटच्या मानेखालच्या कडीला चुंबकाने लटकवतात. सोबत दोरी हवीच. चुंबक सुटला आणि दोरी नसली की नेट गेलं प्रवाहाबरोबर. बाकी परमिट काढा, आणि 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर तिथे ट्राउटला बंदी असते हे ध्यानात ठेवा.

तिवरातला_जिताडा:
हेच नेट खाडीवर आणाल तर पस्तावाल. जेट्टीवरून ओहोटीला पाणी इतकं खाली जातं की 25 सेंमीच्या मुठीचा उपयोग शून्य. निदान 2 मीटरचा सरकता दांडा लागतो, होडीतून असेल तर 1 मीटर पुरे. चौकट 55-60 सेंमी, अ‍ॅल्युमिनियमची. स्क्रू स्टेनलेसचे आहेत का ते बघून घ्या, चुंबक तर खाऱ्या पाण्यात गंजतोच. घरी आल्यावर दांडा पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवा. गाळ आत सुकला की लॉक अडकतं, आणि वर तेल-ग्रीस लावलंत तर पुढच्या वेळचा गाळ आणखी चिकटतो.

सगळ्यात जास्त मोडते ती चौकट-दांड्याची मान. मासा आत आला की दांडा आडवा धरून उचलायचा नाही. तो उभा करायचा आणि सरळ वर ओढायचा.

जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते, नेटमध्ये हात घालताना तिथे बोट नको. शिंगाळा लागला तर त्याचे काटे जाळीत असे रुततात की जाळी कापावी लागते. त्याला पाण्यातच पकडीने सोडा.

आणि हो, ठाणे खाडीत ऐरोली पूल ते वाशी पूल या टप्प्यात फ्लेमिंगो अभयारण्य आहे. तिकडे जाण्याआधी वन विभागाचे नियम पाहून घ्या.

गळकरी_कळवा:
म्हणजे दोन नेट. बरं. लाकडी चौकट मग तीर्थनपुरती घेऊ का?

उल्हासकाठ:
घ्या, फक्त जाळी बदलून मिळते का विचारा. चौकटीला भोकं असतील तर नवी ओवता येते. वॉर्निश खरचटलं की आपल्याकडच्या दमट हवेत लाकूड काळं पडतं, ओलं नेट पिशवीत कोंबू नका.

लीडर_लांब:
एक राहिलं. लीडर (जाड लाइनच्या पुढे जोडलेला बारीक दोरा) 12 फुटी लावणार असाल तर मासा जवळ आणताना लाइन-लीडरची गाठ रॉडच्या टोकाच्या कडीतून आत येते. तेवढ्यात माशाने धाव घेतली की गाठ कडीत अडकते आणि टिपेट (लीडरचं शेवटचं, सर्वांत बारीक टोक) तुटतं. 9 फुटी रॉडला 9 फुटीच लीडर ठेवा.

नेट आधी भिजवा, पाण्याखाली स्थिर धरा. रॉड मागे झुकवून मासा डोक्याकडून नेटवर आणायचा आणि मगच उचलायचं. नेट घेऊन माशामागे धावलात, किंवा शेपटीला चौकट लागली, तर तो उसळणारच. वाहत्या पाण्यात तुम्ही माशाच्या खालच्या अंगाला, म्हणजे प्रवाह जातो त्या बाजूला उभे राहा, प्रवाहच त्याला तुमच्याकडे आणतो. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून टाकलेला असला की मासा नेटमधून बाहेर न काढता, पाण्यातच सुटतो.