ताम्रसृती : इथे ‘ताम्र’ म्हणजे नेमकं काय?

परभणीहून : शाळेत विश्वाचं प्रसरण समजावून सांगतोय. ‘ताम्रसृती’ (रेडशिफ्ट) म्हणलं की लेकरं थेट ताम्रपटावर जातात. एकीनं विचारलं, लांबच्या दीर्घिका (ताऱ्यांचे प्रचंड समूह, गॅलेक्सी) तांबड्या दिसतात का? ‘ताम्रच्युती’ही वाचनात आला. कोणता वापरावा?

लातूरहून : सर, ताम्र म्हणजे तांबं आणि तांबूसही. सृती ‘सृ’ धातूपासून, म्हणजे सरकणं. दीर्घिकेच्या प्रकाशाच्या वर्णपटातल्या रेषा तांबड्या टोकाकडे, जास्त तरंगलांबीकडे सरकतात, एवढाच अर्थ. दीर्घिका लाल दिसायलाच हवी असं नाही. हायड्रोजनची तांबडी रेषा 656 नॅनोमीटरला असते. तरंगलांबी दुप्पट झाली की ती 1312 वर, म्हणजे अवरक्तात जाते आणि डोळ्यांना दिसतच नाही. तांबड्याच्या पार पलीकडे गेली तरी नाव ताम्रसृतीच! लेकरांना हे उदाहरण जरूर द्या. ‘च्युती’चा अर्थ तोच, पण त्याला पदच्युतीचा वास येतो. मी सृती वापरते.

औंढा नागनाथहून : सृती चालेल, पण सोबत ‘ताणली जाते’ हे क्रियापद हवंच. प्रकाश वाटेत असताना अवकाशच पसरतं आणि त्यासोबत तरंगलांबी ताणली जाते. 1929 मध्ये खगोलशास्त्रज्ञ हबलनं दाखवलं की दीर्घिका जितकी दूर, तितकी ताम्रसृती जास्त. आजच्या मोजमापांनुसार दर 32.6 लाख प्रकाशवर्षांमागे दूर जाण्याचा वेग सेकंदाला साधारण 70 किलोमीटरनं वाढतो. शेजारची देवयानी दीर्घिका मात्र आपल्याकडेच येतेय. खगोलशास्त्रज्ञ स्लायफरनं 1912 मध्ये मोजली ती तिची नीलसृती, म्हणजे रेषा निळ्या टोकाकडे सरकणं.

हेच प्रसरण उलटं मोजत गेलं की सुमारे 1380 कोटी वर्षांमागे, अतिशय दाट आणि तप्त विश्वापाशी पोचतो. तिथं ‘महास्फोट’ शब्द घोटाळा करतो. स्फोट म्हणलं की लेकरं विचारणारच, कुठं झाला? एका जागी नाहीच, अवकाश सगळीकडेच पसरू लागलं. त्या काळचा प्रकाश सुमारे 1100 पट ताणला जाऊन आज सूक्ष्मतरंगांच्या रूपात चारी दिशांनी येतो. त्याचं तापमान 2.7 केल्विन.

परभणीहून : मग फळ्यावर ‘ताम्रसृती : तरंगलांबी ताणली जाणे’ असं लिहू?

औंढा नागनाथहून : लिहा सर. आमच्याकडं होऊ घातलेली लायगो वेधशाळा ज्या गुरुत्वीय लहरी (अवकाशातच उठणारे तरंग) टिपणार, त्यांनाही तेच लागू पडतं. त्यांना रंग नाही, तरी त्यांची ताम्रसृती होते.

लातूरहून : आणि सर, ‘आकाशगंगा’ आपल्या दीर्घिकेपुरताच ठेवा. बाकीच्या सगळ्या दीर्घिका.